सर्व्हर बंद न करता बिझनेस रूल बदलायचे कसे

कर्जाच्या अर्जांवर निर्णय देणारी एखादी सिस्टिम डोळ्यांसमोर आणा. तिच्यात कुठेतरी एक नियम आहे: महिन्याचा हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आत असेल तर अर्ज मंजूर. एक दिवस धोरण बदलतं आणि ४० चे ३५ करायचं ठरतं. बदल एका आकड्याचा. पण तो आकडा कोडमध्ये लिहिलेला असेल तर कोड बदला, बिल्ड करा, टेस्ट चालवा, रात्रीची वेळ मागून घ्या, सर्व्हर थांबवा, नवीन आवृत्ती चढवा, सर्व्हर सुरू करा आणि सगळं नीट चालतंय ना हे बघत जागे राहा. असं दोन-तीनदा झालं की टीममधलं कुणीतरी म्हणतं, "हे आकडे डेटाबेसमध्ये टाकू या, मग रीस्टार्टच नको."

सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. चालू सर्व्हरमध्ये नियम बदलणं हे काम एका दुपारचं आहे. बदल होत असताना आत असलेल्या प्रत्येक अर्जाला नेमका कोणता नियम लागला, हे नंतर ठामपणे सांगता येणं, हे खरं अवघड काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

मला हे कळलं ते एका चुकीतून. मी काम करत होतो त्या सिस्टिममध्ये नियम डेटाबेसच्या टेबलात होते, एका ओळीत एक. पहिली ओळ: हप्ता ४० टक्क्यांपर्यंत असेल तर मंजूर. दुसरी: ४० च्या वर पण ५० पर्यंत असेल तर अधिकाऱ्याकडे तपासणीला. तिसरी: ५० च्या वर नामंजूर. मंजुरीची मर्यादा ३५ वर आणायची होती, म्हणजे तपासणीचा पट्टाही ३५ पासून सुरू व्हायला हवा. दोन ओळी बदलायच्या. ॲडमिन स्क्रीनवर मी पहिली ओळ बदलून सेव्ह केली, मग दुसरी उघडली, आकडा टाकला, सेव्ह केली. मध्ये जेमतेम एक मिनिट गेलं असेल. त्या मिनिटात ३७ टक्क्यांचा एक अर्ज आला. मंजुरीच्या नव्या ओळीत तो बसेना, कारण ३७ हे ३५ च्या वर. तपासणीच्या जुन्या ओळीतही बसेना, कारण ३७ हे ४० च्या खाली. नामंजुरीचा तर प्रश्नच नाही. तिन्ही ओळींमधून तो खाली पडला आणि त्याला कोणताच निर्णय मिळाला नाही. स्क्रीनवर याद्या तीनच होत्या: मंजूर, तपासणीत, नामंजूर. तो कुठल्याच यादीत नव्हता, म्हणून कुणाला दिसला नाही. अर्जदाराचा चौकशीचा फोन आला तेव्हा शोधाशोध सुरू झाली. या सगळ्यात सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता.

पहिली पायरी: बाहेर काय काढायचं ते ठरवा

सगळे नियम कोडबाहेर काढायचे नसतात. आधी गेल्या वर्षभराचा कमिटचा इतिहास उघडा आणि केवळ धोरण बदललं म्हणून बदललेल्या ओळी शोधा. त्या ओळी बाहेर काढायच्या. पाच वर्षांत ज्याला कुणी हात लावलेला नाही तो नियम कोडमध्येच बरा आहे. तिथे त्याला टेस्ट आहेत, रिव्ह्यू आहे, कंपायलर आहे. बाहेर काढलात की हे संरक्षण जातं आणि ते तुम्हाला स्वतः परत उभं करावं लागतं.

जे बाहेर काढाल त्याचे ढोबळ तीन प्रकार पडतात. नुसते आकडे, म्हणजे मर्यादा, टक्केवारी, दिवसांची मुदत. मग निर्णय-तक्ते: डावीकडे अटी, उजवीकडे निकाल. आणि तिसरा प्रकार म्हणजे खरं तर्कशास्त्र, जिथे एका नियमाचा निकाल दुसऱ्याचं इनपुट होतो. पहिल्यासाठी साधी कॉन्फिग फाइल पुरते. दुसऱ्यासाठी ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या संस्थेचं डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) नावाचं मानक आहे. एका इनपुटला तक्त्यातल्या एकापेक्षा जास्त ओळी लागू पडल्या तर काय करायचं, हे त्यात तक्त्यावरच नोंदवावं लागतं. ही शिस्त मानक न वापरताही उचलण्यासारखी आहे. तिसऱ्या प्रकारासाठी ड्रूल्ससारखं रूल इंजिन, म्हणजे नियम वाचून ते लागू करणारं तयार सॉफ्टवेअर. ड्रूल्स हे जावातलं.

नवखे लोक थेट इंजिनकडे धावतात, म्हणून एक गोष्ट सांगतो. या इंजिनांच्या मुळाशी रेटे नावाचा अल्गोरिदम आहे. चार्ल्स फोर्जी यांनी तो १९७४ मध्ये मांडला आणि १९७९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात सविस्तर लिहिला. एखादी माहिती बदलली की सगळे नियम पहिल्यापासून न तपासता, आधी जुळलेले तुकडे लक्षात ठेवून फक्त फरकापुरतं काम करायचं, ही त्यातली कल्पना. नियम शेकड्यांनी असतील आणि एकमेकांत गुंतलेले असतील तेव्हा तिचं सोनं होतं. तुमच्या तक्त्यात वीस ओळी असतील तर एक फॉर लूप पुरे. इंजिन आणलं की त्याची भाषा, त्याची मेमरी आणि त्याचे रुसवेफुगवे सगळं सांभाळावं लागतं.

दुसरी पायरी: ओळी नाही, संच बदला

माझ्या चुकीचं मूळ इथे होतं. नियम सुटे सुटे बदलता येत असतील तर दोन बदलांच्या मधली अवस्था कधी ना कधी कुणाच्या तरी वाट्याला येणारच. म्हणून सगळ्या संबंधित नियमांचा मिळून एक संच करा, त्याला क्रमांक द्या आणि एकदा प्रसिद्ध केलेला संच पुन्हा कधीही बदलू नका. ४१ क्रमांकाच्या संचात चूक सापडली तर ४२ काढा. ४१ जसा होता तसाच कायम राहिला पाहिजे.

डेटाबेसमध्ये याचा अर्थ असा: नियमांच्या टेबलात संच क्रमांकाचा कॉलम, आणि त्या टेबलावर वाचण्याशिवाय फक्त इन्सर्टचा, म्हणजे नवी ओळ घालण्याचा, अधिकार. अपडेट आणि डिलीटचे अधिकार ॲप्लिकेशनच्या युजरकडून काढूनच घ्या. "आम्ही करणार नाही" या शब्दावर विसंबू नका. घाईच्या वेळी माणूस करतो. चालू संच कोणता हे एका वेगळ्या छोट्या टेबलात एका आकड्याने सांगायचं. बदल म्हणजे फक्त तो आकडा ४१ वरून ४२ होणं. मधली अवस्थाच उरत नाही.

फाइल वापरत असाल तर संचाची फाइल गिटमध्ये ठेवा. कोणी बदललं, का बदललं, कोणी मान्य केलं हे सगळं आपोआप मिळतं. ॲडमिन स्क्रीन हवीच असेल तर तीसुद्धा आतून नवीन संचच तयार करेल आणि प्रसिद्ध करण्यासाठी दुसऱ्या माणसाची संमती मागेल, अशी बनवा.

तिसरी पायरी: चालू प्रोसेसमध्ये अदलाबदल

आता खुद्द अदलाबदल. कृती अशी.

नवीन संच बाजूला पूर्ण तयार करायचा: वाचायचा, पार्स करायचा, लागत असेल तर कंपाइल करायचा, तपासायचा. हे चालू असताना येणाऱ्या विनंत्या जुन्या संचावर निवांत चालू असतात. सगळं जमलं की शेवटी एकच गोष्ट करायची: चालू संचाकडे बोट दाखवणारा रेफरन्स नव्याकडे वळवायचा. जावात हा रेफरन्स व्होलटाइल फील्डमध्ये किंवा ॲटॉमिकरेफरन्समध्ये ठेवा, म्हणजे एका थ्रेडने केलेला बदल बाकीच्यांना लगेच दिसतो. लॉक लागत नाही, कुणी थांबत नाही.

खरी गोम वाचणाऱ्या बाजूला आहे. विनंती हाताळणाऱ्या कोडने सुरुवातीला एकदाच तो रेफरन्स आपल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि विनंती संपेपर्यंत तोच वापरायचा. तीन फंक्शन खोल गेल्यावर कुणी पुन्हा "चालू संच दे" असं विचारलं, आणि नेमकी तेवढ्यात अदलाबदल झाली, तर एकाच अर्जाची पात्रता ४१ ने ठरते आणि व्याजदर ४२ ने. ही चूक टेस्टमध्ये सहसा सापडत नाही, कारण टेस्टमध्ये मधेच कुणी नियम बदलत नाही. उपाय साधा: संच पॅरामीटर म्हणून खाली पाठवा आणि "चालू संच" विचारण्याची सोय फक्त प्रवेशद्वारावरच्या कोडला द्या.

हीच रीत तुम्हाला इतरत्रही दिसेल. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला रीलोड सांगितलं की तो आधी नवी कॉन्फिग तपासतो, ती चुकीची असेल तर जुन्यावरच चालू राहतो. बरोबर असेल तर नवे वर्कर उभे करतो आणि जुन्यांना हातातलं काम संपवून निघून जायला सांगतो. अर्लांग भाषेत तर एकाच मॉड्यूलच्या जुन्या आणि नव्या अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहू शकतात. तिसरी चढवली की सर्वात जुन्या आवृत्तीवर अजून रेंगाळणाऱ्या प्रोसेस मारल्या जातात. जुन्याला सन्मानाने निरोप देणं हा या साऱ्या रचनांचा गाभा आहे.

निरोप देताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. नियम कंपाइल होऊन जावाचे क्लास बनत असतील तर प्रत्येक संचासाठी वेगळा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा जावाचा भाग) लागतो. जुन्या संचाकडे कुठूनही एक जरी रेफरन्स उरला, एखाद्या कॅशमधून, एखाद्या थ्रेडलोकलमधून, तर तो क्लासलोडर मोकळा होत नाही आणि मेटास्पेस, म्हणजे क्लासची माहिती ठेवायची मेमरी, प्रत्येक बदलागणिक फुगत जातो. सुरुवातीला काही जाणवत नाही. महिनाभराने मेमरी संपते आणि ज्या रीस्टार्टपासून पळत होतो तो भलत्या वेळी करावा लागतो. म्हणून प्रॉडक्शनवर जाण्याआधी टेस्ट सर्व्हरवर संच दोनशे वेळा बदलून मेमरीचा आलेख बघा. तो सपाट राहिला पाहिजे.

ड्रूल्स वापरणाऱ्यांसाठी थोडं जास्तीचं. त्यात की-स्कॅनर नावाची सोय आहे: ठरावीक मिलिसेकंदांनी तो मेवन रिपॉझिटरीत (जावाच्या तयार पॅकेजेसच्या कोठारात) डोकावतो आणि नियमांचा नवा जार, म्हणजे पॅकेजची फाइल, दिसला की स्वतःच चढवतो. त्यासाठी आवृत्ती स्नॅपशॉट, लेटेस्ट किंवा रेंज अशी सैल ठेवावी लागते. पक्की आवृत्ती लिहिली तर स्कॅनर काहीच करत नाही, आणि "स्कॅनर चालत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. शिकताना स्कॅनर छान आहे. प्रॉडक्शनवर मात्र मी तो वापरत नाही. कुणीतरी जार टाकला म्हणून सगळ्या सर्व्हरचे नियम आपापल्या वेळी बदलणं मला पटत नाही. त्याऐवजी की-कंटेनरच्या (ड्रूल्समध्ये चढवलेले नियम ज्यात राहतात त्या ऑब्जेक्टच्या) अपडेट-टू-व्हर्जन या मेथडला पक्का क्रमांक देऊन स्वतः बदल करा. आणि लक्षात ठेवा, त्या कंटेनरमधून उघडलेली, अजून चालू असलेली सेशन्ससुद्धा या बदलाने नव्या नियमांवर येतात. एक अर्ज एका संचावरच संपवायचा असेल तर प्रत्येक संचासाठी वेगळा कंटेनर ठेवा आणि कंटेनरच बदला.

चौथी पायरी: सगळ्या सर्व्हरपर्यंत बातमी पोचवणं

सर्व्हर एकच असेल तर ही पायरी ओलांडा. दहा असतील तर प्रत्येकाला कळायला हवं की आकडा ४२ झाला.

दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येकाने दर काही सेकंदांनी विचारायचं. दुसरा, बदल झाल्यावर सगळ्यांना हाक मारायची. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी लिसन आणि नोटिफाय आहेत, रेडिसमध्ये पब-सब आहे. हाक लवकर पोचते, पण त्या क्षणी ज्याचं कनेक्शन तुटलेलं असेल त्याला ती ऐकू येत नाही आणि नंतर कुणी ती पुन्हा मारत नाही. म्हणून नुसत्या हाकेवर कधीच अवलंबून राहू नका. दर तीस सेकंदांनी विचारणं हा पाया ठेवा, हाक ही वरची सोय.

काहीही केलंत तरी थोडा वेळ काही सर्व्हर ४१ वर आणि काही ४२ वर असणार. ते टाळता येत नाही, मोजता मात्र येतं. प्रत्येक सर्व्हरच्या हेल्थ एंडपॉइंटवर (सर्व्हर ठीक आहे का हे विचारायच्या पत्त्यावर) चालू संचाचा क्रमांक दाखवा आणि दोन वेगळे क्रमांक दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकले तर अलार्म वाजू द्या.

हे मी इतकं आग्रहाने का सांगतोय? २०१२ च्या जुलैअखेर अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीला नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर जुना, वापरातून गेलेला कोड तसाच होता. नव्या कोडसाठी जो फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) वापरला तो पूर्वी त्याच जुन्या कोडचा होता. १ ऑगस्टला फ्लॅग चालू झाला, आणि आठव्या सर्व्हरवर जुना कोड जागा होऊन बाजारात बेसुमार ऑर्डर टाकू लागला. साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे: अडचण लक्षात आल्यावर त्यांनी सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, पण फ्लॅग चालूच होता, त्यामुळे आता त्या सातांवरही जुना कोड जागा झाला. कोणत्या सर्व्हरवर काय चालू आहे हे एका नजरेत दिसत नसेल तर मागे फिरणंही धोक्याचं ठरतं. आणि जुन्या नावाला नवा अर्थ कधीही देऊ नका. नवा नियम, नवं नाव.

सर्व्हर उठताना संच मिळालाच नाही तर? डिस्कवर शेवटचा चांगला संच ठेवलेला असेल तर तो वापरा आणि तसं लॉगमध्ये लिहा. तोही नसेल तर "मी तयार आहे" असं लोड बॅलन्सरला (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्याला) सांगूच नका. रिकाम्या नियमांनी निर्णय देणारा सर्व्हर बंद सर्व्हरपेक्षा वाईट.

पाचवी पायरी: तारीख

"एक तारखेपासून लागू" हे वाक्य तुम्हाला दर महिन्याला ऐकू येईल. त्यासाठी रात्री बारा वाजता कुणी बटण दाबायला बसायची गरज नाही. संचाला "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन वेळा द्या आणि तो आठवडाभर आधीच प्रसिद्ध करून ठेवा. "पासून" धरायची, "पर्यंत" वगळायची, म्हणजे सीमेवरचा क्षण दोन संचांतही येत नाही आणि दोघांच्या मधेही पडत नाही. पोस्टग्रेसमध्ये रेंज टाइपवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावलात तर एकमेकांवर चढणारे कालावधी डेटाबेसच नाकारतो. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा. मध्यरात्र कोणत्या टाइमझोनची हे धोरण ठरवणाऱ्याकडून लेखी घ्या.

नियमाच्या आत "आत्ता किती वाजले" असं कधीही विचारू नका. तारीख बाहेरून, अर्जाबरोबर आत पाठवा. असं केलं की उद्याचा नियम आज तपासता येतो आणि गेल्या वर्षीचा निर्णय आज पुन्हा काढून बघता येतो.

सहावी पायरी: अर्धवट राहिलेली कामं

एक विनंती काही मिलिसेकंदांत संपते, पण अर्ज दोन आठवडे चालतो. सोमवारी भरला, बुधवारी कागदपत्रं आली, पुढच्या शुक्रवारी निर्णय. नियम मधल्या मंगळवारी बदलला. आता कोणता लावायचा?

हा प्रश्न तांत्रिक नाही, म्हणून तो तुम्ही एकट्याने सोडवू नका. धोरणवाल्यांना विचारा: अर्ज भरल्याची तारीख धरायची, निर्णयाची, की दोन्हींतला अर्जदाराला फायद्याचा नियम? त्यांचं उत्तर नियमागणिक वेगळं असू शकतं. मर्यादा अर्जाच्या तारखेची, पण फसवणूक ओळखण्याचे नियम नेहमी ताजे, असं बऱ्याचदा असतं. उत्तर काहीही असो, अर्ज तयार होतानाच त्याच्यावर संचाचा क्रमांक लिहून ठेवा. नंतर तो पाळायचा की नाही हे ठरवता येतं. लिहिलाच नसेल तर ठरवायला काही उरत नाही.

याचा एक परिणाम असा की जुने संच चालवू शकणारा कोड काही काळ ठेवावा लागतो. नियमात नवीन माहिती हवी असेल, समजा नोकरीची वर्षं, तर आधी ती माहिती पुरवणारा कोड सगळीकडे चढवा, मग ती वापरणारा संच काढा. काढून टाकताना क्रम उलटा: आधी ती न वापरणारा संच, मग जुन्या संचावरचे सगळे अर्ज संपल्यावर कोड.

हा क्रम चुकला, किंवा संच आणि कोड यांची समजूत जुळली नाही, तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला त्या दिवशी कोड नव्हे, नियमांची फाइल पाठवली गेली. नियमांच्या साच्यात २१ रकाने होते, कोड मात्र २० च मूल्यं पुरवत होता. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" असंच असायचं, म्हणून हे उघडं पडलं नव्हतं. या वेळी पहिल्यांदा तिथे खरी अट आली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले.

सातवी पायरी: प्रसिद्ध करण्याआधीची तपासणी

"नुसता डेटा तर आहे" असं म्हणून टेस्ट टाळणं ही या क्षेत्रातली सर्वात महागडी सवय आहे. नियम हा कोडच आहे, फक्त तो दुसऱ्या दाराने येतो.

किमान इतकं यंत्राकडून करून घ्या. संचातल्या प्रत्येक रकान्याचं नाव आणि प्रकार कोडला माहीत आहे का. तक्त्यात भोक आहे का, म्हणजे एखादं इनपुट कोणत्याच ओळीत बसत नाही असं आहे का. माझा ३७ टक्क्यांचा अर्ज इथेच पकडला गेला असता. सीमेवरचे आकडे: ३५, ३५ च्या किंचित खाली, किंचित वर. आणि शेवटची ओळ नेहमी "यापैकी काहीही नसेल तर माणसाकडे पाठवा" अशी असलीच पाहिजे.

त्यानंतरची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. गेल्या महिन्याचे खरे अर्ज घ्या, ते जुन्या आणि नव्या दोन्ही संचांवर चालवा आणि ज्यांचा निकाल बदलला तेवढ्यांचीच यादी काढा. ती यादी धोरणवाल्यांसमोर ठेवा. "४० चे ३५ केले" हे ऐकून ते मान डोलावतात; "हे तीनशे मंजूर अर्ज आता तपासणीला जातील, आणि हे बारा नामंजूर होतील" हे बघितल्यावर ते म्हणतात, "थांबा, हे बारा नामंजूर का?" संभाषण खरं तिथून सुरू होतं.

पुढे नवा संच प्रॉडक्शनवर सावलीसारखा चालवता येतो: निर्णय जुन्याचा, पण नव्याने काय म्हटलं असतं ते फक्त लॉगमध्ये. मात्र सावलीत चालणारा नियमही सीपीयू खातो. २ जुलै २०१९ ला वेबसाइटींना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्या फायरवॉलसाठी एक नवा नियम जगभर पाठवला. तो कुणालाही अडवणार नव्हता, फक्त नोंद करणार होता. पण त्यातली रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा नमुना) अशी होती की मजकूर जुळवताना ती पुन्हा पुन्हा मागे फिरत राहिली. सगळीकडचे सीपीयू १०० टक्क्यांना पोचले आणि त्यांच्यावर चालणाऱ्या साइट्स २७ मिनिटं ढेपाळल्या. त्यांचा कोड टप्प्याटप्प्याने जात असे. नियम मात्र तातडीच्या हल्ल्यांना उत्तर देता यावं म्हणून काही सेकंदांत सगळ्या जगभर जात. म्हणून नियम चालायला किती वेळ लागतो हेही मोजा आणि त्याला वरची मर्यादा घाला.

आठवी पायरी: आधी थोड्यांवर, आणि मागे फिरण्याची तयारी

नवा संच आधी शंभरातल्या एका अर्जावर लावा. कोणता अर्ज हे अर्जाच्या क्रमांकाच्या हॅशवरून (त्या क्रमांकावरून दर वेळी तोच निघणाऱ्या आकड्यावरून) ठरवा, यादृच्छिक आकड्यावरून नाही. नाहीतर त्याच माणसाने पान रिफ्रेश केलं की निकाल बदलतो. मंजुरीचं प्रमाण, तपासणीकडे जाणाऱ्यांचं प्रमाण आणि "यापैकी काहीही नाही"चा आकडा बघा. नीट असेल तर दहा टक्के, मग सगळे.

बिघडलं तर आकडा ४२ वरून ४१ करायचा. हे बटण सगळ्यांना माहीत असलं पाहिजे आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. पण एवढ्याने काम संपत नाही. ४२ चालू असताना जे निर्णय गेले ते गेलेच. इथे निर्णयाची नोंद कामाला येते: प्रत्येक निर्णयासोबत संचाचा क्रमांक, आत गेलेली सगळी माहिती आणि लागू पडलेली ओळ. ती असेल तर ४२ वर ठरलेले सगळे अर्ज एका क्वेरीत निघतात, ४१ वर पुन्हा चालवता येतात आणि कुणाला कळवायचं त्याची यादी हातात येते.

नवख्यांनी सुरुवात अशी करा. तीन ओळींचा नियम-तक्ता, एक छोटी सर्व्हिस, आणि तिच्यावर सेकंदाला काहीशे विनंत्या टाकणारी एक स्क्रिप्ट. प्रत्येक विनंतीत नियम तीन वेगवेगळ्या ठिकाणी वापरला जाऊ द्या आणि प्रत्येक ठिकाणी संचाचा क्रमांक लॉगमध्ये लिहा. स्क्रिप्ट चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून संच पन्नास वेळा बदला, मधे दोन-तीनदा मुद्दाम मोडका संच द्या. मग लॉगमध्ये शोधा: एकाच विनंतीत दोन क्रमांक कुठे दिसतात का, मोडका क्रमांक कुठे आला का, आणि एखादी विनंती निकालाविना राहिली का. पहिल्या खेपेला बहुतेकांना दोन क्रमांकांची एखादी तरी विनंती सापडते. ती कुठून आली ते शोधून काढा, दुरुस्त करा आणि स्क्रिप्ट पुन्हा लावा.